फेब्रुवारीत थांबलेला लॅटिनचा तास

३१ जुलै २०२१ रोजी ब्रिटनच्या शिक्षण खात्याने ‘लॅटिन एक्सलन्स प्रोग्रॅम’ नावाची एक योजना जाहीर केली. इंग्लंडमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या ४० शाळांत ११ ते १६ वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवायचे आणि त्यासाठी चार वर्षांत ४० लाख पौंड खर्च करायचे, असे ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये तास सुरू झाले आणि पाहता पाहता पाच हजारांच्या वर मुले लॅटिन शिकू लागली. मग डिसेंबर २०२४ मध्ये शाळांना कळवण्यात आले की पैसे फेब्रुवारी २०२५ पर्यंतच मिळतील. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरला सुरू होते आणि जुलैत संपते. म्हणजे मुदतीच्या जवळजवळ दीड वर्ष आधी योजना थांबलीच, शिवाय चालू वर्षाच्या ऐन मध्यावर थांबली.

रक्कम लहान आणि शाळा मोजक्या, तरीही हे प्रकरण बारकाईने बघण्यासारखे आहे. एखादी जुनी, आज कोणी न बोलणारी भाषा शाळेत का शिकवायची, या प्रश्नाला जेवढी उत्तरे दिली जातात ती जवळपास सगळी या साडेतीन वर्षांत एकाच ठिकाणी ऐकू आली. माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. योजना ज्या रीतीने बंद केली गेली त्यात मुलांवर अन्याय झाला. पण ती इतक्या सहज बंद करता आली, याचे एक मोठे कारण तिच्या समर्थकांनी लॅटिनच्या बाजूने दिलेल्या युक्तिवादांतच होते.

सरकारी शाळांतून लॅटिन गेले कसे

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला प्रवेश हवा असेल तर १९६० पर्यंत लॅटिनची परीक्षा उत्तीर्ण असावी लागे. पुढे रसायनशास्त्र शिकायचे असले तरी ही अट होती. त्यामुळे ‘ग्रामर स्कूल’, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा, लॅटिन शिकवतच. १९६० मध्ये अट उठली. पुढच्या काळात बहुतेक भागांत ग्रामर स्कूल जाऊन सर्वांसाठी खुल्या असलेल्या शाळा आल्या. लॅटिनला उभे ठेवणारे दोन्ही टेकू असे एकापाठोपाठ निघाले.

लॅटिनच्या शिक्षकांनी मात्र हात टेकले नाहीत, आणि या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. १९६६ मध्ये ‘केंब्रिज स्कूल क्लासिक्स प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि १९७० मध्ये त्यांचा नवा पाठ्यक्रम आला. तोवर लॅटिन शिकणे म्हणजे आधी नामांची आणि क्रियापदांची रूपे घोकायची, मग इंग्रजी वाक्यांची लॅटिनमध्ये भाषांतरे करायची. नव्या पुस्तकात पहिल्या पानापासून गोष्ट होती. इटलीतले पाँपेई शहर, तिथला सावकार काएकिलिउस, त्याची बायको मेतेल्ला, स्वयंपाकी ग्रुमिओ, घरातला कुत्रा. मूल गोष्ट वाचत जाते आणि वाचता वाचता व्याकरण त्याच्या ध्यानात येत जाते. हा काएकिलिउस काल्पनिकही नाही. पाँपेईत त्याचे घर सापडले आहे आणि १८७५ मध्ये त्या घरात त्याच्या व्यवहारांच्या दीडशेच्या वर मेणपाट्या, म्हणजे मेण लावून त्यावर लिहायच्या लाकडी पाट्या, मिळाल्या. इंग्लंडमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना लॅटिन आठवते ते या माणसामुळे. २०२२ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा स्त्रियांना आणि गुलामांना गोष्टीत अधिक जागा दिली गेली. गुलामगिरीचे आधीचे हसरे चित्र बदलले. तो बदल हवाच होता.

१९८८ च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि त्यात लॅटिनला जागा नव्हती. वेळापत्रकात सक्तीच्या विषयांची गर्दी झाली की ऐच्छिक विषयाचा तास आधी दुपारच्या सुट्टीत, मग शाळा सुटल्यावर जातो आणि शेवटी नाहीसा होतो. तसेच झाले. पुढे थोडी सुधारणा दिसली. २०१० मध्ये ‘क्लासिक्स फॉर ऑल’ ही संस्था सरकारी शाळांत लॅटिन-ग्रीक नेण्यासाठी उभी राहिली. २०१४ पासून ७ ते ११ वर्षांच्या मुलांना एक परकीय भाषा सक्तीची झाली, तेव्हा शाळांना लॅटिन किंवा प्राचीन ग्रीक निवडण्याची मुभा मिळाली. पण ११ वर्षांनंतरच्या शाळेत दरी तशीच राहिली. योजना जाहीर करताना सरकारने ब्रिटिश काउन्सिलच्या पाहणीचा आकडा दिला होता. ११ ते १४ वयोगटासाठी लॅटिन शिकवणाऱ्या शाळांचे प्रमाण खासगी शाळांत ४९ टक्के होते, तर सरकारी शाळांत २.७ टक्के.

या दोन आकड्यांत प्रकरणाचे मूळ आहे. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या ९० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे देशातल्या बहुसंख्य मुलांच्या शाळेने हा दरवाजा त्यांच्यासाठी उघडलाच नव्हता. त्या मुलांना लॅटिन आवडत नाही, असे म्हणायला कुणालाच आधार नव्हता, कारण त्यांना ते कधी विचारलेच गेले नव्हते.

४० लाख पौंडांत काय येते

योजनेची रचना २०१६ च्या चिनी भाषेच्या योजनेवरून घेतली होती. शिक्षक पुरवायचे, तयार पाठ्यसाहित्य द्यायचे, रोमन अवशेषांच्या ठिकाणी सहली न्यायच्या आणि सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला, म्हणजे साधारण आपल्या दहावीला, लॅटिन घेऊन बसणारी मुले वाढवायची. तेव्हाचे शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी सांगितलेला हेतू स्पष्ट होता. लॅटिन हा मोजक्या श्रीमंतांचा विषय समजला जातो, तो भेद त्यांना मिटवायचा होता.

हेतू चांगला होता, हिशोब मात्र कच्चा. ४० लाख पौंड ४० शाळांना समान वाटले तर प्रत्येकीला चार वर्षांत एक लाख, म्हणजे वर्षाला २५ हजार पौंड येतात. २०२४-२५ मध्ये इंग्लंडमधल्या नव्या शिक्षकाचा लंडनबाहेरचा सुरुवातीचा पगार ३१,६५० पौंड होता. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला एक पूर्णवेळ नवखा शिक्षकही येत नव्हता. पुस्तके, सहली, प्रशिक्षण आणि योजना चालवण्याचा खर्च याच रकमेतून व्हायचा होता.

त्याहून गंभीर चूक वर्षांच्या गणितात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये अकराव्या वर्षी लॅटिन सुरू केलेल्या मुलाची जीसीएसई परीक्षा २०२७ च्या उन्हाळ्यात येते. योजनेची मुदत २०२६ पर्यंत होती. वरच्या वर्गात सुरुवात केलेल्या मुलांचे जमले असते, पण सर्वात लहान, सर्वात जास्त काळ शिकणार असलेल्या मुलांची परीक्षा योजनेच्या बाहेरच पडत होती. मुदत पूर्ण झाली असती तरी त्यांचे शेवटचे वर्ष कोण चालवणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उघडा होता. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी काढलेल्या योजनेत हे सुटून जावे, याचे मला फार आश्चर्य वाटते.

‘लॅटिनने डोके तयार होते’

योजनेच्या घोषणेत असेही म्हटले होते की लॅटिनमुळे आधुनिक भाषा शिकायला मदत होते, शिवाय इंग्रजी आणि गणितासारख्या विषयांतही फायदा होतो. हा युक्तिवाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात तो असा मांडला जाई: लॅटिनचे व्याकरण मेंदूला शिस्त लावते आणि ती शिस्त मग कुठेही वापरता येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये साडेआठ हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासून हे पडताळले. कोणता विषय घेतला यावरून सर्वसाधारण विचारशक्तीत पडणारा फरक अगदी किरकोळ निघाला. लॅटिन घेणारी मुले हुशार दिसत, कारण हुशार मुलांना लॅटिन घ्यायला लावले जाई. मुळातच पुढे असलेली मुले पुढेच राहिली, आणि श्रेय विषयाला मिळाले.

‘लॅटिन आले की युरोपातल्या भाषा सोप्या जातात’ हा दावाही तपासला गेला आहे. २००३ मध्ये लुडविग हाग आणि एल्सबेथ श्टेर्न यांनी जर्मन विद्यार्थ्यांचे दोन गट पाहिले. एका गटाने शाळेत लॅटिन शिकले होते, दुसऱ्याने फ्रेंच. दोघेही आता स्पॅनिश शिकत होते. स्पॅनिश ही लॅटिनची लेक, तरी फ्रेंच शिकलेल्यांच्या चुका कमी झाल्या. यात नवल नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश यांची घडण परस्परांच्या खूप जवळ आहे, लॅटिन त्या दोघींपासून बरीच दूर गेली आहे. स्पॅनिश येण्यासाठी काय करावे, याचे सरळ उत्तर स्पॅनिश शिकावी हेच आहे.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो लपवणे योग्य नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९७० च्या आसपास सार्वजनिक शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना रोज थोडा वेळ, तोंडी पद्धतीने लॅटिन शिकवले गेले. त्यातली पुष्कळ मुले गरीब वस्त्यांतली होती. इंग्रजी शब्दसंपत्तीच्या चाचणीत ही मुले लॅटिन न घेतलेल्या मुलांच्या साधारण एक वर्ष पुढे निघाली. पण तिथे शिक्षक लॅटिन शब्द शिकवताना त्यातून निघालेले इंग्रजी शब्द मुद्दाम दाखवत होते. फायदा झाला तो त्या जाणीवपूर्वक जोडणीचा. लॅटिन एका कप्प्यात आणि इंग्रजी दुसऱ्या कप्प्यात ठेवून तो आपोआप झाला नसता.

या पुराव्यातून मला जे दिसते ते लॅटिनच्या चाहत्यांना कदाचित रुचणार नाही. इंग्रजी सुधारण्यासाठी लॅटिन शिकवायचे असेल, तर शब्दांची मुळे इंग्रजीच्या तासालाच शिकवणे स्वस्त पडते. गणितासाठी शिकवायचे असेल, तर तो तास गणिताला द्यावा. व्यवसायासाठी म्हणाल, तर तेही कारण आटत चालले आहे. इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी १९९९ च्या सुधारणांत बरेच लॅटिन शब्द काढून टाकले. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच करण्याची अट १ जानेवारी २०१२ पासून उठली आणि आता ते इंग्रजीतही चालते. दुसऱ्या कशासाठी तरी उपयोगी म्हणून ज्या विषयाची बाजू मांडली जाते, त्याला तो ‘दुसरा कशाचा तरी’ मालक कधीही कामावरून काढू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये नेमके हेच घडले.

मग लॅटिन शिकून मिळते काय?

त्यासाठी तासाला काय होते ते पाहावे लागते.

जीसीएसईच्या लॅटिनसाठी मुलांना सुमारे ४४० शब्द पक्के यावे लागतात. हा आकडा ऐकून बहुतेकांना तो चुकीचा वाटतो, इतका तो लहान आहे. एवढ्या शब्दांवर आणि रूपांच्या ओळखीवर भाषेची प्रश्नपत्रिका असते. ती निम्म्या गुणांची. उरलेले गुण खऱ्या रोमन लेखकांचे गद्य-पद्य उतारे किंवा रोमन जीवनाचा अभ्यास यांवर असतात. सोळा वर्षांचे मूल व्हर्जिलच्या काही ओळी मुळातून वाचते. त्या दोन हजार वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या आणि तेव्हापासून सतत वाचल्या जात आहेत. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणारे त्याच वयाचे मूल मुख्यतः आपले घर, सुट्टी, शाळा यांबद्दल बोलायला शिकते. तेही मोलाचे आहे, पण दोन्हींतून मिळणारी गोष्ट वेगळी आहे.

मराठी वाचकाला यातली भाषेची बाजू पटकन कळेल. लॅटिनला विभक्त्या आहेत. ‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणा की ‘होमिनेम कानिस मोर्देत’, चावतो तो कुत्राच, जसे ‘कुत्रा माणसाला चावतो’ आणि ‘माणसाला कुत्रा चावतो’ यांत फिरवाफिरव झाली तरी चावा माणसालाच बसतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की चावणारा बदलतो. आपल्याकडे मूल लहानपणीच प्रथमा-द्वितीया-तृतीया म्हणायला लागते आणि भाषेकडे थोडे अंतर ठेवून बघण्याची सवय त्याला शाळेत लागते. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेकडे असे बाहेरून बघण्याची संधी क्वचितच मिळते. लॅटिनच्या पहिल्या वर्षात ती मिळते. त्याने गणितातले गुण वाढतात की नाही हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो.

आणि वाचायचे काय? लॅटिन म्हणजे सेनापती, सम्राट आणि संगमरवर, ही समजूत इंग्लंडच्याच मातीने खोटी ठरवली आहे. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनवर चालून आले. लंडनमध्ये २०१० नंतर झालेल्या उत्खननात चारशेच्या वर लाकडी मेणपाट्या मिळाल्या. त्यातल्या एकीवर तारीख आहे ८ जानेवारी ५७. तिबुल्लुस नावाचा, गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस लिहून देतो की विकत घेतलेल्या मालाचे १०५ दिनार तो ग्रातुसला देणे लागतो. हा ग्रातुसही मुक्त झालेला गुलामच. लंडनच्या व्यापाराचा इतका जुना दस्तऐवज दोन माजी गुलामांमधली उधारीची चिठ्ठी आहे.

बाथ शहरातल्या गरम पाण्याच्या कुंडात, सूलिस देवीच्या स्थानी, शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले शाप सापडले. दोकिलिआनुस नावाच्या माणसाचा टोपीचा अंगरखा चोरीला गेला. तो देवीला सांगतो की चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा मोकळा, अंगरखा देवळात परत येईपर्यंत त्याला झोप मिळू देऊ नकोस, मुलेबाळे होऊ देऊ नकोस. उत्तरेला रोमनांनी बांधलेल्या हेड्रिअनच्या भिंतीजवळ विंडोलँडा इथे १९७३ पासून पातळ लाकडावरची पत्रे निघत आहेत. इसवी सन १०० च्या सुमारास क्लाउदिआ सेवेरा आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाने लिहिला आहे, पण खाली ती स्वतःच्या हाताने तिला बहीण म्हणून, माझा जीव म्हणून चार शब्द लिहिते. बाईच्या हातच्या लॅटिन अक्षरांचा हा आज माहीत असलेल्या सर्वात जुन्या नमुन्यांपैकी एक आहे.

आणि टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स इथे रेगिनाची समाधिशिला आहे. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची. आधी गुलाम, मग मुक्त, मग बायको. नवरा बारातेस सीरियातल्या पाल्मिराचा. ती तिसाव्या वर्षी गेली. शिळेवर लॅटिन मजकूर आहे, आणि खाली बारातेसच्या मातृभाषेत, अरामी लिपीत, एक ओळ आहे, जिच्या शेवटी तो ‘हाय’ म्हणतो. लॅटिन मजकुरात तो ‘हाय’ नाही.

ज्यांचे आईबाप सीरिया, सोमालिया किंवा बांगलादेशातून आले अशी मुले इंग्लंडच्या शहरी सरकारी शाळांत मोठ्या संख्येने आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि दुःख झाले की पहिलीकडे वळणे, हे त्यांना रोजचे आहे. ही शिळा त्यांना मुळातून वाचता यावी, यासाठी मला लॅटिनचा तास हवासा वाटतो. भाषांतरातून माहिती कळते. पण स्वतः अक्षर लावून, रूप ओळखून, वाक्य सोडवून दोन हजार वर्षांपलीकडच्या माणसाचे म्हणणे कळणे हा अनुभव वेगळ्या जातीचा आहे. तो धिम्या गतीने मिळतो आणि त्याच धिमेपणामुळे टिकतो. अंदाजाने पुढे सरकता येत नाही, प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, शेवट पाहून तर्क बदलावा लागतो. आजच्या शाळेत असे वाचन शिकवणारे तास फार उरलेले नाहीत.

निर्णय आणि त्याच्या बाजू

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. आधीच्या सरकारने २२ अब्ज पौंडांचा खड्डा मागे ठेवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वच खर्चांना कात्री लागली, त्यात लॅटिन आले. सरकारची बाजू पोकळ नव्हती. इंग्लंडमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची टंचाई खरी आहे, आणि ६,५०० नवे शिक्षक देण्याचे वचन सरकारने दिले होते. ४० शाळांतल्या एका ऐच्छिक विषयापेक्षा ते काम मोठे, हे कोणीही मान्य करेल. शिवाय लॅटिन योजना बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने आणलेली. ईटन या श्रीमंतांच्या खासगी शाळेत आणि ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन शिकलेला, भाषणांत त्यांचे दाखले देणारा पंतप्रधान असताना आलेल्या योजनेला एक राजकीय रंग चिकटला होता, आणि तो धुऊन काढण्याचा फारसा प्रयत्न तेव्हा झाला नाही.

शाळाप्रमुखांच्या संघटनेने फार मोठी मागणी केली नव्हती. निदान शालेय वर्ष पूर्ण होऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतिहासकार टॉम हॉलंड यांच्यासह अनेकांनी निर्णयाला जाहीर विरोध केला. उपयोग झाला नाही.

आता आकडे पाहू. खर्च सारखा विभागला असे धरले, तर फेब्रुवारी २०२५ नंतरच्या दीड वर्षाचा खर्च १५ लाख पौंडांच्या आसपास येतो. फक्त जुलैपर्यंतचे वर्ष पुरे करायला चार-पाच लाख पौंड पुरले असते. इंग्लंडच्या शाळांवरचा वर्षाचा खर्च तेव्हा सुमारे ६० अब्ज पौंड होता. या रकमेने तुटवडा भरून निघणार नव्हता आणि गणिताचे शिक्षकही मिळणार नव्हते. पण परीक्षेच्या वर्षात असलेल्या मुलाचा शिक्षक फेब्रुवारीत गेला तर मे-जूनची परीक्षा त्याने कुणाच्या जोरावर द्यायची? फीवाल्या शाळेतल्या त्याच वयाच्या मुलाला हा प्रश्न पडला नाही. योगायोग असा की १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागू झाला आणि तो पैसा सरकारी शाळांसाठी वापरू असे सरकार सांगत होते. तो कर मला योग्य वाटतो. म्हणूनच पुढच्याच महिन्यात सरकारी शाळांतल्या पाच हजार मुलांच्या हातून ही गोष्ट काढून घेतली जाणे अधिक लागते. ज्या भेदाविरुद्ध तो कर होता, तोच भेद या निर्णयाने होता तिथे परत गेला.

आपल्याशी याचा संबंध

महाराष्ट्रात आठवीपासून संस्कृत घेता येते, शंभर गुणांचे संपूर्ण किंवा हिंदीबरोबर पन्नास-पन्नासचे संयुक्त. का घ्यायचे असे विचारले तर घराघरांत एकच उत्तर येते: गुण मिळतात. त्याच्या मागून उच्चार सुधारतात, स्मरणशक्ती वाढते, ही कारणे येतात. दहावी झाली की बहुतेक पुस्तके रद्दीत जातात. थॉर्नडाइकच्या शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी जे सांगितले ते आपल्यालाही तपासून पाहता येईल. संस्कृतचा मान आपल्याकडे कमी नव्हता. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिल्या आलेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळालेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आजही संस्कृतमधल्या यशाची खूण मानली जाते. प्रश्न असा की तीन वर्षे संस्कृत घेतलेल्या मुलाला न वाचलेला सोपा उतारा स्वतःच्या बळावर लावता येतो का. गुणपत्रिकेवर याचे उत्तर मिळत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. पण १२९० ची ज्ञानेश्वरी शाळेत येते ती चार ओव्या आणि खाली तयार भावार्थ अशा रूपात. मूल भावार्थ पाठ करते. ओवी त्याने सोडवलेली नसते. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी १९७० मध्ये जे केले, सोप्या मजकुरापासून चढत चढत मुलांना मूळ लेखकापर्यंत नेणारी पुस्तके तयार केली, तसे काम जुन्या मराठीसाठी हवे आहे.

लॅटिनचा आपल्याशी एक थेट धागाही आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मप्रचारक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्या काळच्या प्रत्येक शिकलेल्या युरोपियनाप्रमाणे त्याची घडण लॅटिनमध्ये झाली होती. त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. कोंकणीचे व्याकरणही लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल इथे छापले गेले. त्या व्याकरणाचा साचा लॅटिनचा आहे, आणि काही ठिकाणी तो कोंकणीला आवळतोही. तरी परक्या भाषेची रचना उलगडण्याची सवय या माणसाला कुठून लागली, याचे उत्तर त्याच्या शाळेत आहे.

काय करता आले असते

पहिली गोष्ट खर्चाची नाही, शब्द पाळण्याची आहे. एकदा एखाद्या तुकडीला विषय सुरू करून दिला की ती तुकडी परीक्षेपर्यंत नेण्याची हमी करारातच लिहायला हवी होती. नवे प्रवेश थांबवायचे तर थांबवा, सुरू झालेली मुले पुरी करा. २०२२ ला सुरुवात केलेल्यांसाठी ही हमी २०२७ पर्यंतची असायला हवी होती, २०२६ पर्यंतची नव्हे. ही चूक योजना आणणाऱ्या सरकारची आहे. ती बंद करणाऱ्या सरकारने त्या चुकीचा फायदा घेतला.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. बाहेरून पाठवलेला शिक्षक पैसा संपला की जातो. ‘क्लासिक्स फॉर ऑल’ बऱ्याच ठिकाणी वेगळ्या वाटेने जाते. शाळेत आधीच असलेल्या इंग्रजीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाला लॅटिन शिकवून तयार करते. तो शिक्षक सुरुवातीला मुलांच्या दोन धडे पुढे असतो, पण तो शाळेचा पगारी माणूस असतो आणि पुढच्या वर्षीही तिथेच असतो. वर्षाला २५ हजार पौंडांत एक शिक्षक नेमता येत नाही, मात्र दोघांना शिकवून तयार करता येते. लॅटिनचे शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये मोजक्याच विद्यापीठांत आहेत, त्यामुळे ही वाट सोयीची तर होतीच, पण मोठ्या प्रमाणावर चालण्याजोगी बहुधा तीच होती.

तिसरे, मोजमाप. योजनेने किती मुले आणि किती शाळा, हे मोजले. दोन वर्षांनंतर कोणत्या मुलाला कोणता न वाचलेला मजकूर किती समजतो, याची साधी नोंद प्रत्येक शाळेने ठेवली असती, तर डिसेंबर २०२४ मध्ये खात्यासमोर ठेवायला काहीतरी असते: ही पाच हजार मुले, आणि हे त्यांना आता वाचता येते. बाथचा एखादा शाप, विंडोलँडाचे एखादे पत्र, रेगिनाची शिळा, हे सगळे त्या ४४० शब्दांच्या आसपासच्या भाषेत, थोड्या मदतीने, बसण्यासारखे आहे. खात्याने तरीही नकार दिला असता, हे शक्य आहे. पण मग नकार कशाला दिला जातो आहे, ते कागदावर राहिले असते, आणि त्या कागदावरून पुढच्या सरकारला नव्याने सुरुवात करता आली असती.